इंग्रजी प्रावीण्य परीक्षा : आकडा, अर्थ आणि तयारी

(परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकी शाखांच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा असो, ब्रिटनमधील रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करावयाचे असो किंवा कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज करावयाचा असो, आज भारतीय तरुणाला बहुधा एक उंबरठा ओलांडावाच लागतो. तो म्हणजे इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची प्रमाणित परीक्षा. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई, ओईटी ही तिची निरनिराळी नावे. आपल्या घरांत या परीक्षेविषयी जेवढी भीती आहे, तेवढी माहिती नाही. ज्या विद्यार्थ्याने बारावीला आणि पदवीला उत्तम गुण मिळविले, तोही या परीक्षेचे नाव निघताच संकोचतो. दुसरीकडे, ‘एवढे पैसे भरा, एवढे बँड मिळवून देतो’ अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर झळकतात. भीती आणि जाहिरात यांच्यामध्ये सापडलेल्या कुटुंबाचा मोठा पैसा आणि त्याहून मोठी आशा पणाला लागलेली असते. म्हणून आज या परीक्षेकडे शांतपणे पाहावे, असा माझा प्रयत्न आहे.

मला सांगावयाचे आहे ते असे. ही परीक्षा तुमच्या बुद्धिमत्तेची नाही, व्यवसायातील कौशल्याची नाही आणि देशप्रेमाची तर मुळीच नाही. ठराविक वेळेत, ठराविक कामासाठी इंग्रजीचा वापर तुम्हाला किती करता येतो, एवढेच ती मोजते. भाषेचा वापर हा सवयीने येतो, क्लृप्तीने येत नाही. ही सवय लावण्याची साधने मात्र आज ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच सहज मिळतात. ती सर्वांना मिळावीत, ही केवळ विद्यार्थ्याची नव्हे तर समाजाची आणि शासनाचीही जबाबदारी आहे.

परीक्षेमागील इतिहास

परकीयांच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याची प्रथा शतकाहून जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये इंग्रजी प्रावीण्याची आपली पहिली परीक्षा घेतली. ती सुमारे बारा तासांची होती. तिच्यात भाषांतर होते, व्याकरण होते, निबंध होता आणि उच्चारशास्त्रही होते. परीक्षेला तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. भाषेचे ज्ञान म्हणजे भाषेविषयीचे पांडित्य, ही त्या काळची समजूत होती. पुढे अमेरिकेत १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली. १९८९ पासून आयईएलटीएस ही परीक्षा सध्याच्या नावाने घेतली जाऊ लागली. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार कौशल्यांवर तिची उभारणी झाली. पांडित्याकडून वापराकडे झालेला हा प्रवास आपण ध्यानात घेतला पाहिजे, कारण आपली शालेय तयारी अद्याप बरीचशी पहिल्या टप्प्यावरच रेंगाळलेली आहे.

या इतिहासाला दुसरी, काळी बाजूही आहे आणि तिचा भारतीयांशी निकटचा संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये स्थलांतर निर्बंधाचा कायदा केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत दरबानला उतरलेल्या गांधीजींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला होता. या कायद्यात वंशाचा किंवा वर्णाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्या व्यक्तीने एखाद्या युरोपीय भाषेत स्वहस्ते अर्ज लिहावा, अशी अट होती. तिचा रोख कोणाकडे होता, हे सर्वांनाच ठाऊक होते. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये हाच मार्ग पत्करला. तेथील अधिकारी आपल्या पसंतीच्या कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालू शकत असे. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या लेखकाला रोखण्यासाठी त्याला चक्क स्कॉटिश गेलिक भाषेत श्रुतलेखन घालण्यात आले. पुढे तेथील उच्च न्यायालयाने ते अमान्य ठरविले. ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली.

हा इतिहास सांगण्याचा हेतू कटुता निर्माण करण्याचा नाही. जुनी परीक्षा माणसाला नापास करण्यासाठीच योजलेली होती. काय विचारले जाईल आणि कसे तपासले जाईल, हे परीक्षार्थीला कळू नये, यातच तिचे सामर्थ्य होते. आजच्या परीक्षेचे निकष आधीच प्रसिद्ध केलेले असतात, नमुना प्रश्न विनामूल्य उपलब्ध असतात आणि निकालाच्या फेरतपासणीची सोय असते. ही परीक्षा निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु तिचे नियम उघड आहेत आणि उघड नियमांचा अभ्यास करता येतो. तो न करता परीक्षेला बसणे म्हणजे आपल्या हातातील हक्क न वापरणे होय.

परीक्षेचे स्वरूप

भारतात सर्वाधिक परिचित असलेल्या आयईएलटीएसचे उदाहरण घेऊ. तिचे दोन प्रकार आहेत. उच्च शिक्षणासाठी ‘अकॅडेमिक’ आणि मुख्यत्वे स्थलांतर व कामासाठी ‘जनरल ट्रेनिंग’. ऐकण्याचा आणि बोलण्याचा भाग दोहोंत समान असतो. वाचन आणि लेखन वेगळे असते.

ऐकण्याच्या भागात सुमारे अर्ध्या तासात ४० प्रश्न सोडवावे लागतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. वाचनासाठी ६० मिनिटे आणि ४० प्रश्न असतात. लेखनासाठी ६० मिनिटांत दोन कामे असतात. पहिले किमान १५० शब्दांचे. अकॅडेमिक प्रकारात आलेख किंवा तक्त्याचे वर्णन, तर जनरलमध्ये पत्र. दुसरे किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचे वजन पहिल्या कामाच्या दुप्पट असते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि ती यंत्र नव्हे, तर प्रत्यक्ष परीक्षक घेतो. तीत एका विषयावर विचार करण्यासाठी एक मिनिट मिळते आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटे सलग बोलावे लागते. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत; म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. ऐकण्याच्या भागात शब्दाचे लेखन चुकले तर मात्र तो गुण जातो. ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, तर उत्तर बरोबर असूनही ते चूक ठरते.

आरोग्यक्षेत्रातील विद्यार्थ्यांनी ओईटी या परीक्षेचीही माहिती घ्यावी. ती व्यवसायानुसार वेगळी असते. परिचारिकेला रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहावयाचे असते आणि रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी संवाद साधून दाखवावयाचा असतो. तिचे शुल्क आयईएलटीएसपेक्षा बरेच अधिक आहे. परंतु वातावरण बदल किंवा पुरातत्त्वशास्त्र यांवरील उताऱ्यांपेक्षा वॉर्डातील भाषा जिला जवळची वाटते, तिने दोन्ही परीक्षांचे नमुने स्वतः सोडवून मगच निवड करावी.

आयईएलटीएस परीक्षेचे शुल्क आज पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे आणि ओळखीचा पुरावा म्हणून भारतात पासपोर्ट आवश्यक असतो. अंध, कर्णबधिर किंवा अन्य अपंगत्व असलेल्या उमेदवारांसाठी वाढीव वेळ, ब्रेल प्रश्नपत्रिका अशा सोयी करता येतात. मात्र त्याची मागणी पुरेशी आधी करावी लागते. ही सवलत नव्हे, समान संधी आहे आणि ती मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सरासरीचे गणित आणि अटींचा अर्थ

प्रत्येक भागाला ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या बँडच्या टप्प्यांनी गुण मिळतात. चारही भागांची सरासरी काढून ती जवळच्या पूर्ण किंवा अर्ध्या बँडपर्यंत आणली जाते. सरासरी पावावर आली तर ती वरच्या अर्ध्यावर नेतात. समजा, एका विद्यार्थ्याला ६, ६, ६ आणि ६.५ असे गुण मिळाले. सरासरी ६.१२५ होते आणि निकाल ६ लागतो. त्याच्या आणखी एका भागात अर्धा बँड वाढला, तर सरासरी ६.२५ होऊन निकाल ६.५ लागतो. म्हणजे केवळ एका भागातील अर्ध्या बँडने प्रवेशाचे दार उघडू शकते. आपल्या चार कौशल्यांपैकी कोणते थोड्या प्रयत्नाने वर येईल, हे ओळखण्यात तयारीचे निम्मे यश आहे.

परंतु सरासरी पुरेशी असतेच असे नाही. एका परिचारिकेचे उदाहरण सांगतो. तिला ऐकण्यात ७.५, वाचनात ७.५, बोलण्यात ७ आणि लेखनात ६ असे गुण मिळाले. सरासरी नेमकी ७ आली. घरी आनंद झाला. मात्र ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची अट सरासरी ७ एवढीच नाही. वाचन, ऐकणे आणि बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात किमान ६.५ अशी ती आहे. अर्ध्या बँडने नोंदणी अडली. तिने व तिच्या शिकवणीवर्गाने सरासरीकडेच पाहिले होते. अटीचा कागद कोणीच पूर्ण वाचला नव्हता. त्याच कागदात पुढे असेही म्हटले होते, की बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण काही मर्यादेत एकत्र धरता येतात. म्हणजे तिची पहिली परीक्षा वाया गेलेली नव्हती.

तिच्या लेखनात उणे काय होते? शिकवणीत पाठ करून घेतलेले अवजड प्रास्ताविक ती प्रत्येक निबंधाला जोडत असे आणि मग प्रश्नाचे उत्तर देण्यास वेळ उरत नसे. मी तिला एवढेच सुचविले, की पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेसाठी तू जी नोंद लिहितेस, तशी लिही. रुग्णाची स्थिती काय, काय केले, आता काय करावयाचे आहे. त्या नोंदीत एकही शब्द दिखाऊ नसतो, कारण त्यावर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते. दुसऱ्या प्रयत्नात तिला लेखनात ६.५ मिळाले आणि उरलेल्या भागांतील गुणही मर्यादेत राहिले. परीक्षकांचे चार निकष पाहिले तर यात नवल नाही. दिलेले काम पूर्ण झाले का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा नेमकी आहे का आणि व्याकरण विविध व अचूक आहे का, या चारही निकषांना समान वजन असते. अलंकारिकता हा त्यांत निकष नाही.

अटी बदलत असतात, हेही ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आयईएलटीएसचा किमान बँड ५.५ वरून ६ केला. कॅनडाची विद्यार्थ्यांसाठीची जलद योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी इंग्रजीची पातळी बी-१ वरून बी-२ केली. वर्षापूर्वी परदेशी गेलेल्या मित्राने सांगितलेली अट आज लागू असेलच असे नाही. ज्या विद्यापीठात, परिषदेत किंवा देशात जावयाचे आहे, त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील अट स्वतः वाचावी, छापून घ्यावी आणि मगच शुल्क भरावे. निकाल साधारणतः दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. म्हणून परीक्षा फार लवकर देणेही हिताचे नाही.

मराठी भाषकांची वाट

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आज येथे बसलेल्या बहुतेकांनी बारा-पंधरा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केला आहे. तरीही बोलताना शब्द अडतात, कारण ती वर्षे प्रामुख्याने उत्तरे उतरवून घेण्यात गेली. ज्ञान आहे, पण सवय नाही. याचा अर्थ असा, की तुमची सुरुवात शून्यापासून नाही.

मराठी भाषकाच्या काही अडचणी ठरलेल्या आहेत आणि त्या नेमक्या ओळखल्या तर दूर करता येतात. मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ कोठे घालावे, याची आपल्याला स्वाभाविक जाण नसते. आपण ‘आय हॅव टू ब्रदर्स’ऐवजी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतो. ‘विषयी चर्चा करणे’ या आपल्या रचनेवरून ‘डिस्कस अबाउट’ असे लिहितो. इंग्रजी शब्दांत एका अक्षरावर आघात असतो. मराठीत तसा अर्थभेद करणारा आघात नसल्याने आपण सर्व अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो आणि ऐकताना आघातहीन अक्षरे आपल्या कानातून निसटतात. परीक्षक तुमच्या मराठी वळणाच्या उच्चारांसाठी गुण कापत नाही. बोलणे समजते की नाही, हे तो पाहतो. तेव्हा परदेशी ढब उसनी आणण्याचे काहीही कारण नाही.

एक अडचण क्वचितच कोणी सांगते, ती संख्यांची. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच आणि मग वीस म्हणतो. इंग्रजीत हा क्रम उलटा आहे. ऐकण्याच्या परीक्षेत दूरध्वनी क्रमांक, दिनांक, किंमत हे एकदाच ऐकून उतरवावयाचे असते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘डबल फोर’ अशा जागी चांगले विद्यार्थी चुकतात. रोज दहा मिनिटे दुसऱ्याने सांगितलेले क्रमांक आणि अक्षरश: उच्चारलेली नावे उतरवून घ्यावीत. यासाठी शिकवणी लागत नाही; घरातील धाकटी बहीणही हे काम करू शकते.

सहा महिन्यांची साधी दिनचर्या सुचवितो. इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचावा, पत्र मिटावे आणि त्याचा आशय पाच वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहावा. आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र एकदाच ऐकावे आणि मुद्दे टिपावेत. आठवड्यातून काही वेळा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन वक्त्यांची भाषणेही ऐकावीत, कारण परीक्षेत निरनिराळे उच्चार असतात. रोज दोन मिनिटे एखाद्या विषयावर बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून २५० शब्द लिहावेत आणि ते कोणाकडून तरी तपासून घ्यावेत. शेवटच्या महिन्यात पूर्ण वेळेच्या सराव परीक्षा सोडवाव्यात. सराव परीक्षा हे मोजमाप आहे, आहार नव्हे. केवळ तराजूवर उभे राहून कोणाचे वजन वाढत नाही.

बाजार आणि गैरमार्ग

या परीक्षेभोवती देशात मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. पंजाबात त्याचे स्वरूप सर्वांत ठळक दिसते. जालंधर, लुधियाना, मोगा, भटिंडा अशा शहरांत आयईएलटीएसच्या शिकवण्यांच्या पाट्यांनी रस्तेच्या रस्ते भरलेले आहेत. विवाहाच्या जाहिरातींतही मुलीच्या बँडचा उल्लेख होऊ लागला, कारण तिच्या शिक्षणावर पतीला परदेशी जाता येईल, असा हिशेब मांडला गेला. अशा संस्थांना तेथे प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. भाषेची परीक्षा जेव्हा शेतीच्या भवितव्याविषयी, रोजगाराविषयी वाटणाऱ्या निराशेवरचा तोडगा बनते, तेव्हा तिचा आकडा माणसाहून मोठा होतो. आपल्याकडेही ही लाट येऊ पाहत आहे.

अशा वातावरणात गैरमार्ग फोफावतात आणि त्यांची किंमत निरपराधांनाही मोजावी लागते. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये एका इंग्रजी परीक्षेतील तोतया उमेदवारांचा प्रकार एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने उघडकीस आणला. त्यानंतर तेथील सरकारने सुमारे ३४ हजार परदेशी विद्यार्थ्यांवर कारवाई केली. त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ च्या अहवालात काही निरपराध विद्यार्थी या कारवाईत भरडले गेले असण्याची शक्यता नोंदविली. अनेकांना आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. २०२२ मध्ये कॅनडाच्या सीमेवरून नदीमार्गे अमेरिकेत शिरण्याचा प्रयत्न करताना पकडलेले गुजरातमधील काही तरुण न्यायालयात इंग्रजीत साधी उत्तरेही देऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांचे आयईएलटीएसचे चांगले गुण कसे आले, याची चौकशी गुजरात पोलिसांना करावी लागली. विकत घेतलेला आकडा सीमेपर्यंत नेतो. पुढे वर्गात, वॉर्डात आणि न्यायालयात बोलावे स्वतःलाच लागते.

पालकांसाठी दोन सूचना. ‘बँडची हमी’ देणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे; परीक्षेचे गुण कोणत्याही शिकवणीच्या हातात नसतात. तसेच नोकरीसाठी परदेशी पाठविणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असणे आवश्यक आहे. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते आणि अशा एजंटाला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. ब्रिटनमधील आरोग्यसेवेच्या भरतीबाबत तर तेथील आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेताच येत नाही. हे माहीत असलेले कुटुंब शेत गहाण ठेवण्यापूर्वी एकदा तरी थांबून विचार करील.

सार्वजनिक जबाबदारी

आता मी माझ्या अखेरच्या मुद्द्याकडे येतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आणि अन्य दुर्बल घटकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. या योजनांनी अनेक घरांतील पहिला पदवीधर परदेशी विद्यापीठात पोहोचविला. परंतु शिष्यवृत्तीचा हात प्रवेशानंतर मिळतो आणि भाषेच्या परीक्षेचे शुल्क प्रवेशापूर्वी भरावे लागते. तीन प्रयत्न करावे लागले, तर केवळ शुल्काचाच खर्च पंचेचाळीस हजार रुपयांच्या वर जातो. त्यात शिकवणी, शहरातील राहणे आणि पासपोर्ट मिळवून केंद्रापर्यंतचा प्रवास वेगळा. ज्याला ही रक्कम उभी करता येत नाही, तो शिष्यवृत्तीच्या दारापर्यंतही पोहोचत नाही आणि त्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही.

केरळने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. तेथील शासनाच्या नोर्का रूट्स या संस्थेने २०२२ मध्ये तिरुवनंतपुरम येथे परदेशी भाषांची संस्था सुरू केली. परिचारिका आणि अन्य व्यावसायिकांना तेथे आयईएलटीएस, ओईटी आणि जर्मन यांचे शिक्षण सवलतीच्या शुल्कात मिळते. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांची दीर्घ परंपरा असलेल्या राज्याने ही तयारी बाजारावर सोडून न देता सार्वजनिक कार्य मानले, हे महत्त्वाचे आहे.

आपल्यालाही फार मोठ्या इमारतींची गरज नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे खेडोपाडी हजारो अनुदानित ग्रंथालये उभी राहिली आहेत. प्रत्येक तालुक्यातील एका ग्रंथालयात दोन संगणक, चार श्रवणयंत्रे, अधिकृत सराव पुस्तके आणि आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषण मंडळ, एवढी सोय झाली तरी पुष्कळ साधेल. सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, परदेशी राहून परतलेल्या परिचारिका अशा मंडळांना वेळ देऊ शकतील. परिचर्या महाविद्यालयांनी रुग्णाशी इंग्रजीत बोलण्याचा सराव अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासून ठेवावा. आणि शिष्यवृत्तीच्या योजनांत, किमान एका प्रयत्नाचे परीक्षाशुल्क पात्र विद्यार्थ्याला आधी मिळावे अशी तरतूद व्हावी. या तरतुदीचा खर्च पुढे दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीच्या रकमेपुढे अगदी अल्प असेल.

कोणी विचारील, की तरुणांनी देश सोडून जावे यासाठी सार्वजनिक पैसा का खर्च करावा? माझे उत्तर असे, की ऐकून समजणे, वाचून सारांश काढणे, नेमके लिहिणे आणि न घाबरता बोलणे ही कौशल्ये परदेशी जाणाऱ्यालाच उपयोगी पडतात असे नाही. जो विद्यार्थी परीक्षा देऊन येथेच राहील, तोही औषधाच्या वेष्टनावरील सूचना, न्यायालयाचा निकाल आणि संशोधनाचा अहवाल अधिक आत्मविश्वासाने वाचील. आणि जी परिचारिका दुसऱ्या देशात जाईल, ती आपल्या कष्टाच्या कमाईतून येथील घर उभे करील, धाकट्या भावंडांना शिकवील.

मित्रहो, तुमच्यापैकी काहींना पहिल्याच प्रयत्नात हवा तो बँड मिळेल, काहींना मिळणार नाही. ज्यांना मिळणार नाही, त्यांनी निकालपत्र हातात घेऊन चारही भागांचे आकडे नीट पाहावेत. गुणांविषयी रास्त शंका असेल, तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणीचा अर्ज करता येतो आणि गुण वाढल्यास त्याचे शुल्क परत मिळते. काही ठिकाणी एकाच कौशल्याची फेरपरीक्षाही देता येते. ती आपली संस्था स्वीकारते का, एवढे आधी पाहावे. निकाल कमी आला म्हणून आपण कमी ठरलो, असे मात्र कोणीही समजू नये. रुग्णाची शीर अचूक शोधणारा हात, यंत्रातील दोष आवाजावरून ओळखणारा कान यांचे मोजमाप या परीक्षेत नाही. ते तुमच्याजवळ आहेच. त्याला इंग्रजीची जोड देण्याचे काम उद्या सकाळपासून, एका अग्रलेखापासून सुरू करावे, एवढेच आवाहन करतो आणि आपली रजा घेतो.